दुसरा वस्तरा आणि दमास्कसची भूल

घरी वस्तऱ्याने दाढी करणारी हौशी मंडळी आपल्याकडे मूठभरच, पण सल्ला द्यायला मात्र एकाला दहा. त्यांच्यात सध्या एक सल्ला फार चालतो. पहिला वस्तरा स्वस्तातला घ्या, हात बसेपर्यंत तो वापरा, आणि दुसरा घेताना मात्र हात आखडू नका. रुंद पातं घ्या, जमलं तर दमास्कसचं घ्या, मूठ शिंगाची किंवा एखाद्या दुर्मीळ लाकडाची घ्या, म्हणजे जन्माची चिंता मिटली. वीसेक हजार रुपये बाजूला काढून बसलेला माणूस हे ऐकतो आणि सगळेच्या सगळे पात्यावर घालतो. सहा महिन्यांनी त्याचे गाल पूर्वीइतकेच ओरबाडलेले असतात. ओरबाडणारी वस्तू तेवढी देखणी झालेली असते.

हा सल्ला मुळातूनच चूक आहे. बजेट मध्यम असेल तर निम्म्याहून जास्त रक्कम पात्यावर जाता कामा नये. उरलेली धार लावण्यावर आणि पट्ट्यावर जायला हवी. आणि त्याच्याही आधी, हातात आहे तो वस्तरा खरोखर टाकाऊ आहे का, हे एकदा बघायला हवं. सल्लागार नेमकं हेच बघायला सांगत नाहीत, कारण त्यात खरेदीची मजा नाही.

दुसरा वस्तरा घ्यावासा का वाटतो? पहिला ओढतो म्हणून. गालावर कसाबसा चालतो, हनुवटीखाली अडतो, वरच्या ओठावर डोळ्यांतून पाणी काढतो. मग कोणीतरी म्हणतं, स्वस्तातलं पोलाद, दुसरं काय होणार! पण ओढणाऱ्या वस्तऱ्यात बहुतेक वेळा पोलादाचा दोष नसतो, धार पुरी झालेली नसते. कारखान्यातून आलेला वस्तरा दाढीला तयार असतोच असं नाही, मग तो दोन हजारांचा असो की पंधरा हजारांचा. त्याला धार दिलेली असते, पण चेहऱ्याला सोसेल अशी शेवटची सफाई बारीक दगडावर आणि मग चामड्यावर करावी लागते. परदेशातले जाणकार विक्रेते म्हणूनच पाठवण्याआधी एकेक वस्तरा स्वतः दगडावर घेतात आणि 'शेव्ह-रेडी' असं वेगळं सांगून विकतात. सगळेच वस्तरे डबीतून तयार येत असते तर ते वेगळं सांगायची वेळ आली नसती.

हातातल्या वस्तऱ्याची तपासणी घरच्या घरी होते. काळा मार्कर घ्या आणि धारेच्या कडेवर दोन्ही बाजूंनी शाई भरा. वस्तरा बारीक दगडावर आडवा ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकवा, वजन न टाकता एकदाच पुढे न्या. मग पातं उलटून दुसऱ्या बाजूने तसंच. आता भिंगातून बघा. शाई कडेच्या अगदी टोकापर्यंत सगळीकडे सारखी पुसली गेली असेल तर दगड धारेपर्यंत पोचतोय, आणि काम फक्त बारीक दगडाचं उरलं आहे. टोकाशी केसाएवढी काळी रेघ उरली असेल तर तिथे दगड अजून लागलेलाच नाही. धार म्हणून तुम्ही जी वापरत होता ती कधी पुरी झालीच नव्हती. एका बाजूने मधली शाई गेली आणि दुसऱ्या बाजूने दोन टोकांची गेली, तर पात्याला बाक आहे. पहिल्या दोन्ही प्रकारांत नवा वस्तरा लागत नाही, धार लावून घेतली की भागतं. बाक असेल, आणि तो जरा जास्त असेल, तरच पातं बदलायचा विचार करायचा.

चीनचा गोल्ड डॉलर हा वस्तरा या बाबतीत बोलका आहे. जगभरचे हौशी लोक त्याची टिंगल करतात आणि तेच लोक तो विकतही घेतात. पोलाद वाईट नसतं. घासणी ओबडधोबड असते, पाठ एका बाजूने जाड तर दुसऱ्या बाजूने पातळ, आणि शेपटीजवळचा भाग दगडावर नीट बसू देत नाही. ज्याच्याकडे वेळ आणि हात दोन्ही आहेत तो माणूस त्यावर तासन्‌तास घालवून उत्तम दाढी होईल अशी धार काढतो. म्हणजे स्वस्त वस्तऱ्यात जे वाचवलेलं असतं ते पोलादात नसतं, घासणाऱ्याच्या वेळात असतं. तेव्हा जास्त पैसे मोजताना विकत घ्यायचा तो हाच वेळ. सल्लागारांच्या यादीत रुंदी आहे, नक्षी आहे, मूठ आहे. सरळ घासणीचं नावही नाही.

सरळ घासणीवर इतका जोर का, हे वस्तऱ्याची रचना बघितली की कळतं. सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो पात्यातच बांधलेला असतो. पातं दगडावर आडवं टाकलं की एका अंगाला जाड पाठ टेकते, दुसऱ्या अंगाला धार टेकते आणि मधलं पोट अधांतरी राहतं. कोन ठरतो दोनच मापांवर: पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी. पातं 16 मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल तर धारेचा कोन साधारण 16 अंश येतो. तीच पाठ वर्षानुवर्षं दगडावर झिजून चार मिलिमीटरवर आली, तर कोन उतरून 14 अंशांच्या आसपास येतो. दोन अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण कोन जितका अरुंद तितकी धारेच्या टोकाला मागून पोलादाची साथ कमी. ती लवकर दुमडते, लवकर तुटते. आणि पाठ एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ असेल तर एकाच पात्यात दोन वेगळे कोन येतात. मग गालावर वस्तरा छान चालतो आणि हनुवटीला आला की ओढतो, आणि बिचाऱ्याला वाटतं की आपलाच हात कच्चा.

आता रुंद पात्याचं बघू. वस्तऱ्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजायची जुनी पद्धत आहे. 5/8 म्हणजे जवळपास 16 मिलिमीटर, 6/8 म्हणजे 19, 7/8 म्हणजे 22. रुंद पातं अधिक चांगलं कापतं, असं छातीठोक सांगितलं जातं. पण 22 मिलिमीटर रुंद पात्याची पाठ चार-साडेचारची ठेवून चालत नाही, ती सहाच्या वर न्यावी लागते. आणि सव्वासहाला नेली की कोन पुन्हा सोळाच्याच घरात. केसाशी गाठ पडते ती धारेच्या अगदी शेवटच्या कडेची. तिच्या मागे पोलादाचं किती मोठं शेत पसरलं आहे याचा केसाला पत्ता नसतो. रुंद पात्याचे दोन फायदे मला मान्य आहेत. त्यावर फेस जास्त मावतो, त्यामुळे सारखं पुसावं लागत नाही. आणि त्याच्या वजनामुळे राठ दाढीवर हाताचा जोर कमी लागतो. पण नाकाखाली ते पातं फिरवून बघा. समोर काय चाललं आहे ते पात्यामागे दडतं आणि ओठाच्या कोपऱ्यात टोक कुठे आहे याचा अंदाज सुटतो. ज्याचा हात जेमतेम वर्षभराचा आहे त्याने 7/8 घेणं म्हणजे पैसे देऊन अडचण विकत आणणं. 5/8 पुरेसं आहे, 6/8 ला माझी हरकत नाही, त्याच्या वरचं हौसेपोटी घ्यायचं तर घ्या, पण त्याला दाढीचं कारण चिकटवू नका.

पोटाच्या घासणीबद्दलही असंच. जुन्या शेफील्डच्या वस्तऱ्यांचं पातं पाचरीसारखं भरीव असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन कारागिरांनी पात्याचं पोट दोन्ही बाजूंनी खोल घासायची कला पराकोटीला नेली. पातं इतकं पातळ की केसावरून जाताना बारीक नाद करतं. आज 'फुल हॉलो' म्हणून जे मिळतं ते हेच. नाद ऐकायला गोड वाटतो आणि धार दगडावर लवकर येते. राठ दाढीच्या लोकांना थोडं भरीव, 'हाफ हॉलो' पातं बरं पडतं. ही ज्याच्या त्याच्या गालाची आवड आहे, पायऱ्या नव्हेत की खालून वर चढत जायचं.

आणि मग येतं दमास्कस. या नावाने भल्याभल्यांचं डोकं फिरतं. आज बाजारात दमास्कस म्हणून जे पातं मिळतं ते दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकावर एक वेल्ड करून, दुमडून, ठोकून बनवलेलं असतं. शेवटी आम्लात बुडवलं की एक थर गडद होतो, दुसरा चकाकतो आणि पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. नक्षी सुंदर असते, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण ती पात्याच्या अंगावर असते आणि दाढी कडेने होते. चांगले कारागीर म्हणूनच मधे एकाच जातीच्या कठीण पोलादाचा गाभा घालतात आणि धार त्या गाभ्याची काढतात. म्हणजे नक्षीचे पैसे मोजून शेवटी दाढी साध्या पोलादानेच व्हायची.

2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा एक निबंध आला. त्यातल्या जियानलुका रोशोली यांनी डिस्पोजेबल रेझरने स्वतःची दाढी केली आणि प्रत्येक वेळी धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ, तरी धारेचे कपचे उडतात. ते का, तर पोलादाची अंतर्रचना एकजिनसी नसेल, केस धारेला तिरका भिडला आणि तो नेमक्या दुबळ्या जागेच्या काठावर आला, की तिथे तडा जातो. तो अभ्यास पातळ स्टेनलेस ब्लेडांवरचा आहे, जाड वस्तऱ्यांवरचा नाही, हे विसरायचं नाही. तरी त्यातला 'एकजिनसी' हा शब्द दमास्कसवाल्यांनी एकदा नीट वाचावा. धारेला हवा असतो सारखेपणा. नक्षी उमटते ती दोन पोलादं सारखी नसतात म्हणून.

या भुलीला दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. दक्षिण भारतात, आजच्या तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडूच्या पट्ट्यात, मुशीत वितळवून 'वूट्झ' नावाचं पोलाद बनत असे. खरी ऐतिहासिक दमास्कसची पाती ज्या पोलादाची म्हणतात ते हेच. त्यातली नक्षी थर जोडून आणलेली नव्हती, पोलाद थंड होतानाच पोटातून आलेली होती. 1794 मध्ये हेलेनस स्कॉट या डॉक्टरांनी मुंबईहून त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. लंडनमध्ये सुऱ्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणाऱ्या जेम्स स्टोडार्टने ते पोलाद वापरलं, वाखाणलं. मग तो आणि तरुण मायकेल फॅरडे, हो, विजेचाच फॅरडे, या दोघांनी पोलादात चांदी, प्लॅटिनम, ऱ्होडियम असं काय काय मिसळून बघितलं आणि 1820 व 1822 मध्ये निष्कर्ष छापले. फॅरडे पुढे आपल्या खास पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देत असे. चांदीबाबत त्यांना आढळलं की पाचशे भाग पोलादात एक भाग, इतकीच ती नीट मुरते. त्यानंतर शेफील्डच्या वस्तऱ्यांच्या पात्यांवर 'सिल्व्हर स्टील' ही अक्षरं सर्रास दिसू लागली. तेव्हाचं गिऱ्हाईक त्या अक्षरांना भुललं, आजचं लहरींना भुलतं. पात्यावर काय कोरलं आहे यावरून कडेचा काहीही पत्ता लागत नाही, ही गोष्ट फॅरडेच्या काळात खरी होती आणि आजही आहे.

यावर सल्लागारांचं एक उत्तर ठरलेलं असतं: बरं, दमास्कस राहू दे, पण नाव तरी मोठं घ्या, जोलिंगेनचा शिक्का बघा. या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. जर्मनीतल्या जोलिंगेन या गावाच्या नावाला 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे. मालाच्या घडणीचे मुख्य टप्पे त्या परिसरात झालेले नसतील तर तो शिक्का मारता येत नाही. डोव्हो, ब्योकर, राल्फ आउस्ट हे तिथलेच. फ्रान्समधल्या थिएर गावात थिएर-इसार ही 1884 पासूनची पेढी आहे. मध्यम पैशांत नवा वस्तरा घ्यायचा तर मी याच घराण्यांकडे वळेन आणि त्यांच्यातलाही सगळ्यात साधा घेईन: कार्बन पोलाद, 5/8, गोल टोक, काळी प्लास्टिकची मूठ. एकाच कारखान्याच्या साध्या आणि महागड्या वस्तऱ्यात पुष्कळदा पातं जवळपास तेच असतं. वरचे पैसे पाठीवरच्या सोनेरी मुलाम्याचे, कोरीव कामाचे आणि मुठीचे असतात. सोनेरी मुलामा तर दगडावर पहिल्याच फेऱ्यांत पाठीवरून निघू लागतो. मग तो जपायचा म्हणून लोक पाठीला चिकटपट्टी लावून धार लावतात! ज्या शोभेसाठी जास्तीचे पैसे दिले तीच आता वस्तूच्या कामात आडवी येते, हे कुणाच्या ध्यानात कसं येत नाही?

पण शिक्का कारखान्याबद्दल सांगतो, तुमच्या हातातल्या नगाबद्दल सांगत नाही. घासणी माणसाच्या हातची असते, आणि चांगल्या घराण्यातही सोमवार असतो. म्हणून घेण्याआधी त्या नगाचे फोटो मागा: पाठीचा वरून, धारेचा समोरून, पातं काचेवर ठेवून खालून येणाऱ्या उजेडाचा. फोटो द्यायला कुरकुर करणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका.

जुन्या वस्तऱ्यांच्या भक्तांशी माझा वाद वेगळा आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात अधूनमधून शेफील्डचं किंवा जोलिंगेनचं जुनं पातं हाती लागतं, परदेशातून तर भरपूर मागवता येतात, आणि त्यांचं पोलाद अनेकदा फार चांगलं असतं. जुनं घेऊ नका असं मी म्हणणार नाही. मध्यम बजेटात उत्तम पातं मिळवायचा तो कदाचित सगळ्यात शहाणा मार्ग आहे. पण 'जुनं ते सोनं' म्हणून डोळे मिटून घ्यायची जी शिकवण दिली जाते ती घातक आहे. पाठ झिजली आहे का बघा. तिच्यावर दगडाने पडलेले चकाकते पट्टे दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीचे नसतील तर आधीच्या मालकाने पातं एकांगी घासलं आहे. धार मधे आत वळली असेल तर ती सरळ करताना बरंच पोलाद जाईल. पाठीवरचा गंज निघतो, पण धारेजवळचे काळे खड्डे वरून दिसतात त्यापेक्षा खोल असतात. धार घासत घासत खड्ड्यापाशी आली की तिथेच तुटते.

सगळ्यात फसवी गोष्ट मुठीत असते. कासवाच्या पाठीसारख्या ठिपक्यांची, मधाळ, अर्धपारदर्शक मूठ दिसली की खरेदीदार हरखतो. जुन्या काळी ती पुष्कळदा सेल्युलॉइडची असे. सेल्युलॉइड म्हातारपणी सडतं. त्यातून नायट्रिक आम्लाची वाफ सुटते आणि मिटलेल्या मुठीत पडून असलेलं पातं त्या वाफेने गंजत जातं. मुठीच्या पट्ट्या लावलेल्या ठिकाणीच, म्हणजे मिटल्यावर पातं जिथे दडतं तेवढ्याच भागात, गंज दिसला आणि बाकी पोलाद ठाकठीक असलं तर हेच झालं आहे. मुठीला तडे, चिकट घाम किंवा तिखट वास असेल तर तो वस्तरा घेऊ नका, आणि घेतलाच तर मूठ उतरवून टाका. बाकीच्या वस्तऱ्यांबरोबर एका डब्यात तर मुळीच ठेवू नका. हस्तिदंती मुठीच्या वाटेला जायचंच नाही. आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे.



आता सगळ्यांत लाडका युक्तिवाद: 'आपल्या आजोबांची परंपरा'. महागड्या वस्तऱ्याच्या प्रत्येक जाहिरातीत एक आजोबा असतात. कुणाचे आजोबा? महाराष्ट्रात बहुतेक घरांतले आजोबा स्वतःच्या हाताने वस्तरा धरत नव्हते. धोकटी घेऊन न्हावी दारात यायचा, ओसरीवर बसवून दाढी करायचा, आणि सुगीला त्याला बलुतं मिळायचं, मिळालं तर. धार लावायची विद्या त्याच्याकडे होती, दगड त्याचा, पट्टा त्याचा. त्या वस्तऱ्याच्या वाट्याला दाढीखेरीज काय काय आलं तेही आठवायला हवं. 1890 मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, तेव्हा त्यांनी जे हत्यार खाली ठेवलं ते हेच. परंपरेचं नाव घ्यायचं तर ती या कारागिरांची आहे, आणि ती कळलेला माणूस शिंगाच्या मुठीआधी दगडाचं विचारेल.

हा दगड आपल्याकडून कसा गेला, हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात एचआयव्हीची भीती पसरली आणि सलूनमधून खरा वस्तरा हळूहळू गेला. त्याच्या जागी अर्धं ब्लेड मोडून बसवायचा वस्तरा आला, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड. सलूनमध्ये ते योग्यच झालं. एकाच पात्याने दहा जणांची दाढी कुणी करू नये. घरी एकाच माणसाच्या वस्तऱ्याला तो धोका नाही. पण सलूनमधून वस्तरा गेला तसे दगड आणि पट्टेही गेले. आज पन्नाशीतल्या चांगल्या कारागिरालाही वस्तरा दगडावर घेता येईलच असं सांगता येत नाही. त्यामुळे भारतात वस्तरा मागवणं सोपं आणि त्याला धार लावून देणारा माणूस शोधणं कठीण, असं उलटं चित्र झालं आहे. पात्यावर सगळे पैसे घालवायचा सल्ला जर्मनीत किंवा अमेरिकेत कदाचित निभावेल, कारण तिथे पातं टपालाने पाठवून धार लावून आणता येते. आपल्याकडे तो सल्ला पहिल्या धारेपर्यंतच टिकतो. धार गेली की वीस हजारांचं पातं पेपर कापायच्या कामाचं.

'मग अर्धं ब्लेडच काय वाईट?' असं विचारणारे आहेतच. काहीच वाईट नाही. दाढी स्वच्छ होते आणि स्वस्तात होते. ज्याला दगड-पट्टा नकोच आहे त्याने तेच वापरावं आणि वीस हजार बँकेत ठेवावेत. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

स्टेनलेस घ्या, आपल्याकडे दमट हवा आहे, हाही एक सल्ला फिरतो. कोकणात पावसाळ्यात कार्बन पोलादाचं पातं एका रात्रीत ठिपके धरू शकतं, हे खरं. पण उपाय फुकटचा आहे: दाढी झाली की पुसा, उघडा ठेवून वाळू द्या, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि न्हाणीघरात ठेवू नका. स्टेनलेसचं पातं दगडावर जास्त चिवट असतं, आणि ज्याला अजून धार लावता येत नाही त्याला ते आणखी अवघड. ज्याला पुसायचा आळस आहे त्याने खुशाल घ्यावं.

पट्ट्याबद्दल फार बोललं जात नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. दर दाढीआधी पातं चामड्यावर परजायचं असतं; दगडावर धार पुढे जाते, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. वळताना पातं पाठीवरून उलटायचं, धारेवरून उलटलं की पट्टा कापला. तीसेक फेऱ्या पुरतात. पट्टा ढिला धरला की तो मधे झोळतो, झोळलेल्या चामड्यावर धार गोल होते, आणि मग लोक पोलादाला शिव्या घालतात. पहिला पट्टा शिकताना कापला जातो, तो स्वस्तच हवा. दुसऱ्या वस्तऱ्याबरोबर मात्र पातं पूर्ण मावेल एवढा, तीन इंच रुंद, सपाट, जाड चामड्याचा पट्टा घ्यावा. जास्तीच्या दोन हजारांचा सगळ्यात जास्त फरक मला इथे जाणवतो. पात्यावर तेच दोन हजार घातले तर मूठ बदलते.

दगडाचं म्हणाल तर सुरुवातीला सगळी उतरंड घ्यायची गरज नाही. 1000 नंबरचा दगड धारेचा उतार पाडायला, मग 4000, 8000, आणि शेवटी 12000 च्या आसपासचा, असा क्रम असतो. पण पातं एकदा जाणत्या हाताने पूर्ण घेतलेलं असेल तर पुढचे कित्येक महिने एकट्या शेवटच्या दगडावर धार ताजी ठेवता येते. तो दगड जपानी कृत्रिम घ्या किंवा बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल घ्या. कोटिक्यूलची किंमत प्रत्येक तुकड्यागणिक बदलते आणि त्यालाही स्वतःचे भक्त आहेत, त्यांच्यापासून जपून. दगड सपाट हवा, एवढी एकच अट मी घालेन. पोटात खोलगट झालेला दगड सरळ पात्यालाही वाकडं करतो.

तर वीस हजारांचा माझा हिशेब असा. नऊ-दहा हजार पात्यावर: नवं असेल तर जोलिंगेन किंवा थिएरचं सगळ्यात साधं, जुनं असेल तर न झिजलेल्या पाठीचं. तीनेक हजार पट्ट्यावर. बाकीचे पहिली धार जाणत्या माणसाकडून लावून घेण्यावर आणि शेवटच्या दगडावर. तुमच्या गावात साठी ओलांडलेले न्हावीकाका असतील तर त्यांच्याकडे आधी जा. दगड माळ्यावर पडलेला असण्याची शक्यता आहे, आणि ते शिकवायला तयार झाले तर त्यांना विक्रेत्यापेक्षा जास्त पैसे द्या. दुकानदाराला मात्र पोलादाचं नाव, नक्षी, मूठ यातलं काहीही विचारू नका. हा नग कोणी आणि कोणत्या दगडावर घेतला आहे, एवढं विचारा. उत्तर देता आलं नाही तर पाकीट खिशात ठेवा आणि जुन्याच वस्तऱ्याला धार लावून घ्या.